एका पाण्यातली माणसं

कंपाउंडरांच्या घरात नवा भाडेकरू आला की जुन्या सगळ्या भाडेकरूंच्या खोल्या बदलत. विचारून नाही, सांगूनही नाही. तुम्ही कामावरून परत यावं तर तुमची वळकटी, ट्रंक, घागर, कोनाड्यातले देव, साबणाची वडीसुद्धा पलीकडच्या खोलीत मांडून ठेवलेली असे, आणि तीही तुम्ही ठेवता अगदी तशीच. उशीवर डोक्याचा खळगा पडला असेल तर तोही तसाच. साठी ओलांडलेला, एकटा, वाळलेला माणूस हे सामान कधी हलवायचा कोण जाणे. शेजारच्या खोलीतली शिंपीण दिवसभर घरात असे, पण भांड्याला भांडं लागल्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. खोलीला कुलूप लावायचं नाही, एवढी एकच त्यांची अट होती.

मी तिथं राहायला गेलो त्याच वर्षी जंगलखात्याचा एक कारकून आला आणि माझीही खोली अशीच बदलली गेली. मी चिडून माजघरात गेलो. "काऊन हलवलं माझं सामान?"

कंपाउंडर बसल्या जागेवरून म्हणाले, "जुन्याले वाटते का जागा त्याच्या बापाची हाये. मंग थो नव्याले मारते. दगडं हलवून टाकले का सगळेच नवे होतात. मंग कोणी कोणाले मारत नाई."

"दगडं?" मी म्हणालो.

"खोल्या म्हना," ते म्हणाले, आणि समोरच्या काचपेटीकडं पुन्हा पाहू लागले.

जळगाव जामोदच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर औषधाच्या बाटल्या भरल्या होत्या. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. डॉक्टर तिकडून येत आणि दोन वर्षांत बदलून जात, कंपाउंडर मात्र हेच. पेन्शनीत निघाल्यावरही गाव त्यांना कंपाउंडरच म्हणे. त्यांचं नाव मला भाड्याच्या पावतीवर दिसायचं, पण त्या नावानं हाक मारलेली मी एकदाही ऐकली नाही.

काचपेटी त्यांनी सुताराकडून करून घेतली होती. सागवानी चौकट, तिच्यात काचा, सांध्यांना राळ आणि मेण. दीड हात लांब आणि वीतभर रुंद, म्हणजे फार मोठी नव्हे. तळाला नदीची धुतलेली वाळू, चार दगड, थोडं शेवाळ. माजघराला खिडकी नव्हती. छपरात एका कौलाच्या जागी काच बसवली होती आणि तिच्यातून उन्हाची तिरीप बरोबर त्या पाण्यात पडे. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर डोळे उघडवत नसत आणि आत सगळा अंधार. त्या अंधारात तेवढं हिरवं पाणी उजेडात, आणि पाण्याच्या पलीकडं कंपाउंडरांचा चेहरा. पाण्यातून त्यांचे डोळे नको इतके मोठे दिसत. पापणी मिटायचीही त्यांना घाई नसे.

आमच्याकडच्या विहिरींचं पाणी खारं. गावाच्या त्या टोकाला एक गोडी विहीर होती, तिथून ते रोज दोन घागरी आणत. एक दिवस सावलीत ठेवून मग ते पाणी माशांना. स्वतः खारं प्यायचे. मी एकदा हसलो तर म्हणाले, "मी कुठीबी जाऊन पिऊ शकतो, मास्तर. त्यायले दुसरं पाणी नाई."

मासे ते नदीतून स्वतः आणत, धोतराच्या सोग्यात धरून. बोटाएवढ्या चंदेरी मासोळ्या, शेपटीपाशी काळा ठिपका असलेल्या. एखादी वाळूत लपून बसणारी मुरी. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं याचा ते लग्न जुळवणारेही करत नसतील इतका विचार करत. आधी तोंड पाहायचे. "तोंडात मावते थो सोबती नाई, मास्तर. थो घास." मग कोण वर राहतो, कोण मधे, कोण तळाला. सगळेच एकाच थरातले नकोत. मग भूक. मी एकदा मोठ्या प्रेमानं सोनाळ्याकडच्या ओढ्यातून मरळीचं पिल्लू आणून दिलं, करंगळीएवढं, दिसायला गरीब. त्यांनी ते तळहातावर घेतलं, तोंडाकडं पाहिलं आणि तशा उन्हात दोन मैल चालत नदीला सोडून आले. "आज लहान हाये," एवढंच म्हणाले. माझा चांगलाच पचका झाला.

नव्या माशाला ते एकदम पेटीत सोडत नसत. दवाखान्यातली मिक्श्चरची एक मोठी बरणी होती. तिच्यात त्याला घालून बरणी पेटीला चिकटवून ठेवायचे. आठ दिवस. आतल्यांनी बाहेरच्याला पाहावं, बाहेरच्यानं आतल्यांना. नवव्या दिवशी आतल्यांना पोटभर खाऊ घालायचं, दगड हलवायचे, मग बरणी पेटीत आडवी करायची. आणि घरात नवा माणूस आला की त्यालाही आठ दिवस ओसरीवर राहावं लागे. मीही राहिलो होतो. मिडलस्कूलचा मास्तर ओसरीवर दाढी करतोय आणि रस्त्यानं जाणारी पोरं नमस्कार करताहेत. घरातले येता-जाता पाहत, आणि काही बोलत नसत. पाठीला डोळे चिकटल्यासारखे वाटत. पण दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून मी दात-ओठ खात आठ दिवस काढले.

इथवर सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं होतं आणि मी नेतही होतो. मासे मोजायला मला शिंपिणीनं शिकवलं, तेव्हापासून माझी चेष्टा जरा कमी झाली.

घरात जितकी माणसं तितके मासे. कंपाउंडर कधी कबूल झाले नाहीत, पण शिंपीण रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी पेटीशी जाऊन मोजून येई. मी गेलो तेव्हा शिंपी, शिंपीण, कापसाच्या जिनिंगमधला बाबू, कंपाउंडर आणि मी, मासे पाच. जंगलखात्याचा कारकून आला, सहा झाले. मग एका सकाळी शिंपीण पदराला हात पुसत दारात उभी राहिली. "मास्तर, पाच हायेत." कारकून तर आत तंबाखू मळत बसला होता. चार दिवसांनी बुलढाण्याहून त्याच्या बदलीचा हुकूम आला. मी तिला समजावलं की पोस्टमन कंपाउंडरांशी बोलतो, त्यांना आधी कळलं असेल. तिनं मान डोलावली. पण त्या दिवसापासून मीही शाळेत निघताना माजघरात डोकावू लागलो आणि ओठ न हलवता मोजू लागलो.

आता वच्छीचं सांगतो. तिच्याशिवाय कंपाउंडर सांगून होणार नाहीत.

वच्छी माझी धाकटी बहीण. आई-बाप गेल्यावर मीच तिचं लग्न केलं. दुसऱ्या वर्षी तिचा नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून माझ्याकडं पाठवून दिलं. बावीस वर्षांची होती. विधवा तरुण बहीण घेऊन येणाऱ्या मास्तराला वेगळं बिऱ्हाड द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. मी सात दारं फिरलो. शेवटी कंपाउंडरांनाच विचारलं. "आना तिले," ते म्हणाले, "पण आठ दिवस ओसरीवर."

माझं डोकं फिरलं. तरणी विधवा रस्त्यावर मांडून ठेवायची? त्यांनी ओसरीच्या एका अंगाला चादर बांधून दिली, त्यापलीकडं मात्र ऐकलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, त्या आठ दिवसांत वच्छी माणसात आली. शिंपिणीनं तिला मशीन चालवायला बसवलं. बाबू जिनिंगमधून मूठभर सरकी आणून तिच्या चिमण्यांना टाकू लागला, म्हणजे तिनं जमवलेल्या चिमण्यांना. सहाव्या दिवशी ती हसली. नवरा गेल्यावर पहिल्यांदा. मी आतून म्हणालो, "वच्छे, रस्ता आहे." ती गप्प झाली.

नवव्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या खोल्या बदलल्या आणि पेटीत सहावी मासोळी आली.

माझ्यासारखा भाऊ कोणाला मिळत नसेल असं तेव्हा मला मनापासून वाटे. ती जेवायला बसली की मी समोर बसे, ताटात काय टाकते ते पाही. विहिरीवर गेली की किती वेळ लागला ते पाही. शिंप्याकडं गिऱ्हाइकं येतात म्हणून मी तिचं मशीनवर बसणं बंद केलं. बाबूची खोली समोर होती म्हणून आमचं अंगणाकडचं दार लावून घेतलं. रस्त्याकडची खिडकी तर आधीच बंद होती. तिच्या वाट्याला पुन्हा बोल येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

दिवाळीनंतर ती रोडावत चालली. ताप नाही, खोकला नाही. घास तोंडात घेई आणि तो तिथंच राही. डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. कंपाउंडरांनी बाटली हुंगली आणि परत ठेवली. ती भिंतीला धरून चालू लागली तेव्हा मला शाळेत फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली. तिच्या नवऱ्याला अग्नी देताना मी पाहिलं होतं, आता तिला मी देणार, हे माझ्या डोक्यातून जाईना.

अशातच एका दुपारी कंपाउंडरांनी मला पेटीपाशी बोलावलं. "ही पाहा. आठ दिवस झाले, खाऊन नाई राह्यली."

दगडाच्या मागं एक मासोळी पंख मिटून उभी होती. तिच्यासमोर, बोटभर अंतरावर, तिच्याएवढाच एक मासा.

"हा मारतो तिला?" मी विचारलं.

"नाई. पंख पाहा तिचे, साबूत हायेत. चावा नाई, धक्का नाई. हा नुसता तिच्यासमोर राह्यते. ती निंघाली का हा निंघते. ती खाले आली का हा खाले. पाहून राह्यते. बस्स."

"मग काढा त्याला बाहेर."

त्यांनी पाण्यावरून नजर उचलून माझ्यावर ठेवली. उन्हाची तिरीप सरकून भिंतीवर गेली तरी नजर तशीच होती. "काढतो. पण आधी त्याले सोताहून समजते का, ते पाहून राह्यलो. कधी कधी समजते."

मला समजलं. निदान मला तसं वाटलं. मी तडक बाबूच्या खोलीत गेलो. तो शर्टाला गुंडी लावत होता. "माझी बहीण बाहेर आली की तू दारात येतोस," मी म्हणालो.

"मास्तर, मी तं मान बी वर करत नाई."

"पाहत असतोस तिच्याकडं!"

आवाज चढवण्यात माझा हात धरणारा शाळेत कोणी नव्हता. बाबू गरीब माणूस. संध्याकाळी ट्रंक उचलून जिनिंगच्या आवारात राहायला गेला. जाताना त्यानं खिशातली सरकी ओसरीच्या कडेला ठेवली. वच्छीनं दाराच्या फटीतून ते पाहिलं. "दादा, त्या भाऊनं काय केलं रे?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. त्या दिवशी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या सकाळी शिंपीण माजघरातून आली ती पांढरी पडून. "बाप्पा! बाबू गेला, अन् मासे सहाच?"

मी स्वतः मोजले. सहा. माणसं पाच. दगडामागची ती तशीच उभी, समोरचा तसाच समोर.

"बाबूचा मासा काढला नाही तुम्ही?" मी कंपाउंडरांना विचारलं. असं उघड विचारायची घरात ती पहिलीच वेळ असावी.

"थो येईन वापस," ते म्हणाले. "त्याची जागा हाये अठी."

एक मासा तर ते काढणारच होते. मग जाणार कोण? त्या आठवड्यात मला झोप नव्हती. मी गणित शिकवणारा माणूस, भुताखेतांवर वर्गात पोरांची टर उडवणारा. आणि रोज सकाळी पेटीसमोर उभा राहून मासे मोजत होतो. एक कमी भरेल आणि ती दगडामागचीच असेल, या भीतीनं मी चारपर्यंत आलो की थांबायचो, दम घ्यायचो, मग पुढचं मोजायचो.

शनिवारी सकाळची शाळा असे. मी दुपारी घरी आलो, जोडे काढले, सरळ माजघरात गेलो. पाच होते.

मी पुन्हा मोजले. पाचच. तेवढ्यात दगडाच्या जागेकडं लक्ष गेलं. दगड हलवलेले होते. आणि ती मासोळी, पंख उघडून, भर उजेडात पिठाची गोळी टोचत होती. तिच्यासमोर कोणी नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी लहान पोरासारखा ओरडलो, "वच्छे! खातेय ती! वच्छे, गेला तो!" आणि आमच्या खोलीकडं धावलो.

खोलीत वच्छीचं सामान होतं. माझं नव्हतं. ते ओसरीवर होतं. वळकटी, ट्रंक, पुस्तकं, छत्री, सगळं मी ठेवतो तसं.

कंपाउंडर खांबाला टेकून उभे होते. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

"मास्तर, माह्या घरवालीले मी कधी मारलं नाई," ते म्हणाले. "शिवी बी नाई दिली. जिवापाड जपलं. कोनाशी बोलते, किती खाते, कवा उठते, सगळं पाहत राह्यलो. ती खाईनाशी झाली तं दवाखान्यातल्या साऱ्या बाटल्या पाजल्या तिले. भरल्या ताटासमोर गेली ती. अन् मी तवाबी पाहूनच राह्यलो होतो."

मी ओसरीवरच्या माझ्या वळकटीकडं पाहिलं.

"माझा मासा कुठं आहे?" मी विचारलं. असलं काही आपण विचारू असं मला कधी वाटलं नव्हतं.

"नदीत. मोठ्या पाण्यात थो कोणाले तरास नाई देत. लहान पाण्यातच तसा वागते."

मी त्यांना बाजूला सारलं आणि दारातून हाक मारली. "वच्छे, तू सांग. जाऊ मी?"

ती दाराआड उभी होती, चौकटीला धरून. तिनं दार आणखी थोडं उघडलं. मग म्हणाली, "सामान मीच काढलं, दादा. त्यायनं नुसता हात लावला."

माझ्या धोतरांच्या घड्या पाहिल्या तेव्हा मला ते पटलं. तशा घड्या आमच्या आईनं तिला शिकवल्या होत्या.

मी शाळेच्या मागं एक खोली घेतली. बाबू चार दिवसांत परत आला. भावाला काढून बहिणीला ठेवलं म्हणून गावानं कंपाउंडरांना नाही नाही ते म्हटलं. ते घागरी घेऊन गोड्या विहिरीवर जात राहिले. पुढं माझी नांदुऱ्याला बदली झाली. मी तिथं असतानाच ते गेले. वच्छीनं पत्रात लिहिलं होतं की शेवटचे आठ दिवस ते आपण होऊन ओसरीवर येऊन निजले, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहावं असं म्हणाले. पेटीत तेव्हा किती मासे होते ते तिनं लिहिलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पण मला त्यांची आठवण त्यामुळं येत नाही. येते ती त्याआधीची, बदलीनंतरच्या पहिल्या माघातली. मी सर्व्हिस मोटरनं जळगावला उतरलो आणि न कळवता त्या गल्लीत शिरलो. घराच्या दोन घरं अलीकडं मशीनचा आवाज ऐकू आला आणि त्यावर वच्छीचं हसणं. शिंपीण काहीतरी सांगत होती आणि ही मोठ्यानं, रस्ताभर हसत होती. मी जरा थांबलो. मग पायरीवर पाय ठेवला. मशीन थांबलं, हसणंही थांबलं.

ती बाहेर आली, पाया पडली. अंगानं भरली होती, गालांवर रंग होता. पदर मात्र मला पाहताच पुढं ओढला गेला. कंपाउंडर दारातून म्हणाले, "बसा मास्तर, अठीच बसा." मी ओसरीवर बसलो.

तिच्या जेवणाची वेळ होती. तिनं मला विचारलं, मी मोटरस्टँडवर खाल्लं म्हणालो. मग तिनं आपलं ताट तिथंच, माझ्या मागं, भिंतीपाशी आणून ठेवलं. आत का गेली नाही ते मला ठाऊक नाही. ताट ठेवल्याचा आवाज झाला आणि पुढं काही नाही. ती माझ्याकडं पाहत असावी. तिनं काय वाढून घेतलंय, किती, हे पाहायची मला इतकी ओढ लागली की मान दुखू लागली. माझी बहीण होती ती. मी वाढवलेली.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि समोर रस्त्यावर पाहत बसलो. एक गाडी गेली. एक बाई डोक्यावर पेंढी घेऊन गेली. मग मागं भाकरी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एकदा. ती जेवत होती, आणि मी मागं वळून पाहिलं नाही.